पोचली का तुमची बाई?

कावळ्यांची काही कमतरता नव्हती. घाटाच्या कठड्यावर ते ओळीने बसले होते, पिंपळावर होते, पलीकडच्या वाळूतही हिंडत होते. त्या सकाळी कऱ्हाडच्या घाटावर चार घरांचे दहावे होते आणि बाकी तिघांच्या पिंडांना कावळा ठेवल्या ठेवल्या शिवला होता. एका पत्रावळीवर तर दोघांची मारामारी झाली. आमच्याकडे मात्र एकही फिरकत नव्हता.

"अजून थोडं मागे सरा," गुरुजी म्हणाले.

आम्ही सरलो. तासाभरात सरत सरत आमचं सगळं गणगोत पायऱ्यांच्या वरच्या टोकाला जाऊन पोचलं होतं आणि खाली नदीकाठी बाबांचा पिंड एकटाच ऊन खात होता. शेजारी द्वारकाआत्याने त्यांच्या आवडीची कांदाभजी ठेवली होती, द्रोणात चहा ओतला होता आणि त्यांचा चष्माही ठेवला होता, काड्या नीट मिटून.

मला भाऊ नाही, म्हणून विधी मीच करत होते. द्वारकाआत्या ही बाबांची थोरली बहीण. मी बसायला तिने आधी हरकत घेतली आणि तीच हरकत गुरुजींनी घेतल्यावर त्यांना दटावलं. आमच्या घरी काय चालेल आणि काय चालणार नाही, हे तीच ठरवायची. सुतकात टीव्ही लावायचा नाही हेही तिनेच ठरवलं होतं आणि तो लागू नये म्हणून त्याच्यावर चादर घालून वर पाट ठेवला होता.

गुरुजींना दुपारी ओगलेवाडीला वास्तुशांत होती. त्यांनी पिशवीतून दर्भाची जुडी काढली आणि सांगितलं, की असं होतं कधी कधी. दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायचा, शास्त्राला ते मान्य आहे.

"गवताचा नको," आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. बाबा गेल्यापासून आई हो आणि नको याखेरीज काही बोललेली नव्हती. पायरीवर बसून ती पिंडाकडे बघत होती.

"त्यांचं काहीतरी राहिलंय," ती म्हणाली. "गवताचा करून मोकळं व्हायचं नाही. खरा येईल तेव्हाच मी इथून उठेन."

झालं. मग नातेवाईक एकेक करून पिंडासमोर जायला लागले आणि हात जोडून बाबांना शब्द द्यायला लागले. सातारच्या मामांनी माझ्या लग्नाची जबाबदारी घेतली. मला विचारलं नव्हतं, पण ती वेळ वाद घालायची नव्हती. कावळा कठड्यावर पंख साफ करत बसला. चुलतकाकांनी दुकान बंद पडू देणार नाही असं सांगितलं. काही नाही. माझ्या मावसबहिणीने बाबांची जुनी स्कूटर विकणार नाही असं परस्परच कबूल करून टाकलं. एक कावळा उडाला, पिंडाजवळ उतरला, मान वाकडी करून त्याने चष्म्याकडे पाहिलं आणि चालत परत गेला.

शेवटी द्वारकाआत्या स्वतः पायऱ्या उतरली. पदर खोचून ती पिंडासमोर उभी राहिली. "मुकुंदा," ती म्हणाली, "नलूला मी यापुढे एका शब्दानं बोलणार नाही."

नलू म्हणजे माझी आई. नातेवाइकांमध्ये चुळबुळ झाली, कारण हा फार मोठा शब्द होता. कावळे जागचे हलले नाहीत.

"त्यांचाही विश्वास बसला नाही," माझ्यामागून कोणीतरी पुटपुटलं.

आवाज शौकतकाकांचा होता. मी वळले, तेव्हा ते पिंपळाखाली उभे होते आणि चेहरा गंभीर करायचा प्रयत्न करत होते. शौकत पटवेकर हे बाबांचे शाळेपासूनचे मित्र, जनावरांचे डॉक्टर. आणि पार दुसऱ्या टोकाला, शेडच्या खांबाशी, काकांकडे पाठ करून उभ्या होत्या हुक्केरीबाई. त्यांनी मला शाळेत गणित शिकवलं होतं. शौकतकाका आणि हुक्केरीबाई एका जागी असून वेगवेगळे उभे आहेत, असं मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की काल रात्री शेवट झाला.

हे जरा सांगायला हवं.

बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं, मागे आमचं घर. मी कॉलेजात असताना टीव्हीवर 'ध्रुवापलीकडे' नावाची मालिका लागायची. अगस्ती नावाचं यान पृथ्वीपासून भरकटतं आणि कप्तान रेवती ते परत आणायला बघते, अशी गोष्ट. तसं काही मराठीत त्याआधी कोणी केलं नव्हतं आणि पैसे कोणी दिले नव्हते, हे स्पष्ट दिसायचं. यान रंगवलेल्या पत्र्याच्या डब्यांचं होतं आणि चालकापुढे जी बटणं होती, त्यांतली दोन मिक्सरची होती. निळे लोक नावाचे परग्रहवासी होते, ते अतिशय शुद्ध मराठी बोलायचे आणि त्यांचा निळा रंग घामाने कॉलरला लागायचा. मी हसले की बाबा म्हणायचे, "डबे खोटे आहेत, वैजू. गोष्ट खरी आहे."

दर शनिवारी संध्याकाळी शटर अर्धं खाली यायचं आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलांवर बाबा, शौकतकाका आणि हुक्केरीबाई बसायचे. भाग अर्ध्या तासाचा असायचा, भांडण दोन तासांचं. यानाचा संगणक होता, त्याचं नाव सोबती. तो प्रामाणिक आहे की आतून निळ्यांना सामील आहे, यावर त्या तिघांची तीन मतं होती आणि ती दर आठवड्याला बदलायची. आई आतल्या दारात पाठमोरी बसून भाजी निवडायची. तिने कधी मान वळवून बघितलं नाही. भाग संपला की फक्त विचारायची, "पोचली का तुमची बाई घरी?"

"अजून नाही," बाबा म्हणायचे.

"मग जेवायला वाढते."

आणि एका शनिवारी कप्तान रेवती यानाच्या शेवटच्या दारापाशी अडकली. आतली हवा संपत आली, दाराबाहेर काय आहे ते माहीत नाही, तिने मुठीने ते दार ठोठावलं आणि मालिका संपली. पुढच्या शनिवारी तिथे स्वयंपाकाचा कार्यक्रम होता. वाहिनीने पत्रांना उत्तर दिलं नाही. तेव्हा बाबांनी दुकानातल्या जुन्या फ्रेमांमधून काचा काढल्या आणि खोकं भरून त्या रिकाम्या फ्रेमा वाहिनीला पाठवून दिल्या. सोबत एका ओळीची चिठ्ठी: पुढचं काही दिसत नाही. ही गोष्ट कशी पसरली कोणास ठाऊक, पण नंतर लातूरपासून चिपळूणपर्यंतच्या लोकांनी वाहिनीला बिनकाचांचे चष्मे पाठवले म्हणतात.

त्यानंतर वर्षं गेली. कधीतरी संध्याकाळी आई मध्येच विचारायची, "पोचली का तुमची बाई?" बाबा पेपरातून मान वर न काढता सांगायचे, "वाटेत आहे."

मग एक दिवस जाहिरात आली. त्याच कलाकारांना घेऊन तीन भागांत शेवट करणार होते, शुक्रवार, शनिवार, रविवार. बाबांनी दुकानाच्या फळ्यावर चष्म्यांच्या सवलतीची जाहिरात पुसून तिथे तारखा लिहिल्या. हुक्केरीबाईंनी तिघांचे अंदाज आधीच लिहून लखोट्यात घालायचं सुचवलं, म्हणजे नंतर कोणी फिरायला नको. बाबांनी तोंडीच सांगितलं: दार सोबती उघडणार.

आणि शुक्रवार यायच्या आधीच्या आठवड्यात, गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता, बाबा गेले.

मी पुण्याहून आले. तिन्ही रात्री आमचा टीव्ही पाटाखाली होता. नसता तरी मी लावला नसता. बाबांनी पाहिलं नव्हतं ते मला बघायचं नव्हतं. शौकतकाकांनी तीन भाग हुक्केरीबाईंकडे बसून पाहिले आणि आता ते दोघं घाटाच्या दोन टोकांना उभे होते.

मी आत्याजवळ गेले. "त्यांचं शेवटचं बघायचं राहिलं," मी म्हटलं.

"काय राहिलं?"

"मालिका."

मला वाटलं, आता ती मला सगळ्यांसमोर झापणार. तिने पिंडाजवळच्या चष्म्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "बोलाव त्या दोघांना."

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. आत्याने त्यांना विचारलं, की गेलेल्याची इच्छा आप्तांनी पुरवावी असं शास्त्रात आहे की नाही. आहे, ते म्हणाले. "मग ही त्याची इच्छा. तुम्ही बसा पाच मिनिटं."

अशा रीतीने शौकतकाका आणि हुक्केरीबाई पिंडापासून हातभर अंतरावर, एकमेकांकडे न बघता उभे राहिले. काकांनी टोपी नीट केली आणि घसा साफ केला.

"मुकुंदा," त्यांनी सुरुवात केली, "पहिला भाग साधारणच होता. तेच डबे, नवा रंग दिलेले. मिक्सरची बटणं काढली लेकाच्यांनी, वाईट वाटलं. पण तू म्हणाला होतास तस्संच झालं. दार सोबतीनं उघडलं."

"खोटं सांगू नका," हुक्केरीबाई म्हणाल्या.

"खोटं?"

"गेलेल्या माणसासमोर तरी. दार तिनं स्वतः उघडलं, आतून. सोबती तेव्हा बंद पडलेला होता."

"बंद पडल्याचं नाटक करत होता."

"कशावरून?"

"हिरवा दिवा लुकलुकत होता, बाई. मी स्वतः बघितला."

"तो निळ्यांच्या यानाचा दिवा. तुम्ही तेव्हा शेंगदाणे सोलत होतात, पटवेकर. वर बघितलंत तेव्हा सीन बदलला होता."

शौकतकाकांनी पिंडाकडे वळून बाबांना सांगितलं, की तूच बघ, ही बाई रात्रीपासून अशी वागते आहे, माझ्याशी बोलत नाही, उपमा दिला तोही ताट आपटून. हुक्केरीबाईंनी बाबांना सांगितलं, की मुकुंदराव, अर्धा मार्क मी उगाच कोणाला दिलेला नाही, तुम्हाला माहीत आहे. तुमचा अंदाज चुकला, तो चुकला. काका म्हणाले, गेलेल्या माणसाला नापास करता? बाई म्हणाल्या, गेलेला असो की असलेला, उत्तर एकच असतं.

दोघांचे आवाज चढले होते. शेजारच्या घरचे लोक आवराआवर सोडून जवळ आले. त्यांच्यातला एकजण, ताजं मुंडण केलेला, ओल्या पंचाने अंग पुसत थोडा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "माफ करा, पण शेवट बंडल होता. दोन भाग काय सुंदर चालले होते. शेवटच्या पंधरा मिनिटांत सगळी माती केली."

"माती?" काका आणि बाई एकदमच त्याच्यावर उलटले, आणि रात्रीपासून पहिल्यांदा ते एका बाजूला होते.

तो मागे हटला नाही. त्याच्या बहिणीला शेवट आवडला होता आणि तीही त्यात पडली. सातारच्या मामांनी विचारलं, हे सोबती म्हणजे कोण, जावई का? कोणीतरी त्यांना समजावून सांगायला लागलं. मुंडणवाल्याचं म्हणणं होतं, की दार सोबतीने उघडलं की रेवतीने हा प्रश्नच नाही, निळ्यांनी त्यांना खरा रस्ता सांगितला तेव्हाच गोष्ट फुकट गेली.

"निळ्यांनी नाही सांगितला रस्ता," द्वारकाआत्या म्हणाली. "सोबतीनं सांगितला. निळे नुसते हो म्हणाले."

आत्याने पदर सावरला.

"आत्या," मी म्हटलं, "तुला काय माहीत?"

"शेजारच्या पाटणकरांकडे गेले होते. तिन्ही दिवस." मग गुरुजींकडे बघून म्हणाली, "बसले नाही. दारात उभ्यानंच बघितलं. त्याला कुणीतरी सांगायला नको का घरचं?"

शौकतकाकांच्या तोंडातून एक चमत्कारिक आवाज आला. त्यांनी रुमाल तोंडावर धरला, पण खांदे हलत होते. हुक्केरीबाईंनी नदीकडे तोंड फिरवलं आणि त्यांचेही खांदे हलायला लागले. माझ्या डोळ्यांसमोर आत्या उभी होती, पाटणकरांच्या उंबऱ्यावर, सुतक पाळत, निळे लोक बघत; आणि मी हसले. मला आवरेना. मुंडणवाला हसला, त्याची बहीण हसली, मामा काही न समजताच हसले. गुरुजींनी दर्भाची जुडी तोंडापुढे धरली. दहाव्याच्या घाटावर असं हसतात का, असं आत्या विचारत होती, आणि विचारता विचारता तिलाच हसू फुटलं.

त्या सगळ्या गोंधळात आईने विचारलं.

मोठ्याने नाही. पायरीवरून न उठता, पिंडाकडे बघत, भाजी निवडताना विचारायची त्याच आवाजात.

"दार कुणी का उघडेना. ती घरी पोचली का?"

हसणं कुठल्या कुठे गेलं. शौकतकाकांनी रुमाल खाली घेतला. हुक्केरीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मुंडणवाल्याने काही बोलायला तोंड उघडलं, तर त्याच्या बहिणीने त्याचा पंचा ओढला.

"पोचली," द्वारकाआत्या म्हणाली.

"पोचली, वहिनी," शौकतकाका म्हणाले.

हुक्केरीबाई पायऱ्या चढून आईजवळ गेल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. "पोचली, नलिनीताई. अगदी व्यवस्थित. मी बघितलं ना."

आईने मान हलवली. "बरं झालं," ती म्हणाली. "किती दिवस वाटेत होती."

मी तिच्याकडे बघत होते, म्हणून मला कावळा येताना दिसला नाही. पंखांचा आवाज तेवढा आला. वळले तेव्हा तो पत्रावळीवर होता, एक पाय बाबांच्या चष्म्यावर, आणि घाईने, उशीर झाल्यासारखा, खात होता. मुंडणवाल्याने टाळी वाजवली. मग सगळ्या घाटाने वाजवली.

गुरुजींची वास्तुशांत चुकली नाही. आई उठली, नदीवर तोंड धुतलं आणि घरी येऊन तिने स्वतः चहा टाकला. दुपारी शौकतकाका आणि हुक्केरीबाई आमच्या ओटीवर पुन्हा भांडत होते. काकांचं म्हणणं, कावळा आला म्हणजे बाबांचा अंदाज बरोबर निघाला. बाईंचं म्हणणं, कावळ्याचं येणं हा पुरावा धरता येत नाही. हे भांडण ते दोघं पुढे किती वर्षं पुरवून वापरत होते. आत्याने आईला एका शब्दाने बोलणार नाही हा शब्द साधारण तेराव्यापर्यंत पाळला.

आईने ते तीन भाग कधीच पाहिले नाहीत. पुढे कुठेही विषय निघाला, की ती मध्येच सांगायची, "पोचली ती घरी," आणि आपल्या कामाला लागायची. मीही पाहिले नाहीत. मला शेवट माहीत होता.

या वर्षी माघात आई गेली. तिच्या वेळी मी पिंड ठेवून वळायच्या आत कावळा शिवला. लोक म्हणाले, समाधानी होती. घर आवरायला म्हणून मी कऱ्हाडला राहिले आणि एका दुपारी, दुकानातल्या त्याच स्टुलावर बसून, मोबाइलवर 'ध्रुवापलीकडे' शोधली. कोणीतरी सगळे भाग चढवून ठेवले होते. शेवटचे तीन मी सलग पाहिले. हिरवा दिवा खरोखरच लुकलुकतो. कोणाच्या यानाचा ते कळत नाही.

आणि मग दार उघडतं. कोणी उघडलं तेही कळत नाही. पलीकडे पांढरा उजेड आहे. कप्तान रेवती उंबऱ्यावर उभी राहते, एकदा मागे वळून बघते आणि त्या उजेडात पाऊल टाकते. मग नावं यायला लागतात. पृथ्वी नाही, अंगण नाही, कोणी घ्यायला आलेलं नाही. मी नावं संपेपर्यंत थांबले, नंतर काही असेल म्हणून. मग परत मागे नेऊन पाहिलं. परत तेच.

बाबांच्या नजर तपासायच्या तक्त्यावरची सर्वांत खालची ओळ वाचायचा प्रयत्न करत मी बराच वेळ बसून राहिले. पिंडासमोर खोटं बोलायचं नाही म्हणून अर्धा मार्क न सोडणारी बाई मला आठवत होती. आणि सुतकात उभ्याने टीव्ही बघणारी आत्या. सगळ्यांत आधी तीच म्हणाली होती.

आत्या आता नाही. शौकतकाका मुलाकडे मिरजेला असतात, त्यांना फोनवर ऐकू येत नाही. मी हुक्केरीबाईंना फोन लावला. त्यांनी नव्वदी गाठली आहे, पण पहिल्या घंटीला उचलतात.

"बाई, मी वैजू. शेवट बघितला आज."

"मग? हिरवा दिवा कोणाचा?"

"बाई, ती घरी पोचतच नाही."

त्यांनी पंखा बंद केल्याचा आवाज आला. मग, वर्गात आकडेमोडीची पायरी गाळलेल्या मुलीला विचारावं तसं त्यांनी मला विचारलं, "कावळा शिवला ना?"